वा रे ‘वा’

टोकियोत माझं एक भांडण झालं. ते झालं हे मला आठ दिवसांनी कळलं.

ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे, कारण भांडणाच्या बाबतीत मी काही नवखा नाही. डोंबिवलीत आमच्या हाउसिंग सोसायटीचा मी अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. भांडण मला लांबून येताना ओळखू येतं. आधी जिन्यातल्या चपलांचा आवाज बदलतो, मग बेल दोनदा वाजते, मग ‘बसत नाही, दोनच मिनिटं’ असं म्हणत माणूस आत येतो आणि पाऊण तास बसतो. टाकीचं पाणी, चार नंबरवाल्यांची स्कूटर, गच्चीतले पापड, सगळे राग मी विलंबितापासून द्रुतापर्यंत ऐकलेले आहेत. निशी-कासाईतल्या त्या लिफ्टसमोर यातलं काहीही वाजलं नाही.

नव्वद दिवसांच्या व्हिसावर आम्ही दोघं लेकीकडे आलो होतो. निशी-कासाई हा टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला भाग. दोन हजार सालाच्या आगेमागे संगणकाच्या कामासाठी आलेले भारतीय इथे राहायला लागले ते राहतच गेले. इथे तूरडाळ मिळते, हिंग मिळतो, आणि २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस वॉर्डाच्या सभेवर निवडूनसुद्धा आला. त्यामुळे मला परदेशात आल्यासारखं वाटेना, आणि घोळ तिथेच झाला.

एका सकाळी नातीला घेऊन मी लिफ्टपाशी उभा होतो. बरोबर आमच्या खालच्या घरात राहणाऱ्या आजी आल्या आणि कमरेत वाकल्या. मीही वाकलो. त्या पुन्हा वाकल्या. मी पुन्हा. दरम्यान लिफ्ट येऊन गेली. मग आजी नातीकडे बघून हसत काहीतरी म्हणाल्या. नात चार वर्षांची. तिथल्या पाळणाघरात जाते, जपानी फाडफाड बोलते. परदेशात माझी दुभाषी तीच.

‘‘काय म्हणतात गं?’’

‘‘आजी म्हणतात, मी खूप छान उड्या मारते.’’

माझा ऊर भरून आला. आपल्या सोसायटीत आजवर कुणी कुणाच्या नातवंडाला छान म्हटलेलं मला आठवत नाही. मी ‘आरिगातो, आरिगातो’ म्हणत चार वेळा वाकलो आणि नातीला म्हटलं, ‘‘दाखव बरं आजींना!’’ नातीने तिथेच बारा उड्या मारून दाखवल्या. आजींनी तोंडावर हात ठेवून ‘सुगोई, सुगोई’ म्हटलं. जाणकार श्रोता मिळाल्याच्या आनंदात त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी साडेसात ते साडेआठ नातीकडून उड्यांची तालीम करून घ्यायला लागलो.

आठव्या दिवशी जेवताना मी हा प्रसंग कौतुकाने सांगितला. लेकीच्या हातातला घास हातातच राहिला.

‘‘बाबा, ती तक्रार होती!’’

‘‘अगं, हसून बोलल्या त्या.’’

‘‘तक्रार होती म्हणूनच हसल्या. ‘मुलगी अगदी ठणठणीत आहे हं’ म्हणजे ‘माझ्या डोक्यावर नाचू नका’. आणि तुम्ही तिला तिथेच नाचवलंत!’’

आजी मूळच्या क्योतोच्या, हे जावयांनी मग सांगितलं, हवामानखात्याने वादळाचं नाव सांगावं तसं. क्योतोवाल्यांबद्दल जपानी माणसंच किस्से सांगतात. ‘तुमच्या मुलीचा पियानोवर हात छान बसायला लागलाय’ असं शेजारीण म्हणाली तर खिडकी बंद करायची. ‘बुबुझुके घेणार का?’ असं विचारलं, म्हणजे भातावर चहा ओतून करतात तो साधा पदार्थ, तर ‘हो’ म्हणायचं नाही, छत्री उचलायची आणि निघायचं. क्योतोवाल्यांना हे विचारलं तर ते हसून म्हणतात की असं काही नसतं. आता या हसण्याचा अर्थ काय घ्यायचा?

या सगळ्याच्या मुळाशी एक अक्षर आहे, ‘वा’. मेळ, सलोखा, सगळ्यांनी एका सुरात असणं. गवयाने जागा घेतली की आपल्या तोंडून जो ‘वा’ निघतो त्याचा आणि याचा काही संबंध नाही, पण तो असावा असं मला वाटत राहतं. आपला दुसरा ‘वा’ संस्कृतातून आलेला. तो दोन गोष्टींच्या मधे उभा राहतो आणि त्यांना एकमेकींपासून लांब ठेवतो, हे वा ते. जपानी शाळेतल्या गणितात मात्र ‘वा’ म्हणजे बेरीज. यावरून काय समजायचं ते समजा. तिथे हे अक्षर जपान या अर्थानेही चालतं: जपानी जेवण ते वाशोकु, मिठाई ती वागाशी, चटयांची खोली ती वाशित्सु. २०१९च्या १ मेपासून, म्हणजे नेमकी आपल्या महाराष्ट्रदिनापासून, सुरू झालेल्या सध्याच्या राजयुगाचं नाव रेइवा, त्यातही तोच ‘वा’. त्याआधी १९२६ ते १९८९ चाललेल्या शोवा युगातही होता, आणि दुसरं महायुद्ध त्याच युगात झालं. शांताबाई नावाच्या दोन बायका आमच्या सोसायटीत होत्या, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही.

हे अक्षर देशाच्या भिंतीवर पहिल्यांदा ठोकलं ते राजपुत्र शोतोकुने. इसवी सन ६०४ साली त्याने सतरा कलमांचा एक जाहीरनामा काढला. त्याला तिथे ‘घटना’ म्हणतात; खरं तर तो दरबारी अधिकाऱ्यांना केलेला उपदेश आहे. पहिलंच कलम असं की, सलोखा सगळ्यांत मोलाचा माना आणि उगाच विरोधाला उभे राहू नका. वाचून वाटतं, काय निवांत काळ असेल! मी लेकीच्या कपाटातलं जपानच्या इतिहासाचं पुस्तक काढून बसलो. ५८७ साली सोगा आणि मोनोनोबे या दोन घराण्यांची लढाई. ५९२ साली सोगा घराण्याच्या उमाकोने प्रत्यक्ष सम्राट सुशुनचा खून करवला. हा उमाको म्हणजे शोतोकुच्या आजीचा भाऊ, आणि राज्याचा कारभार शोतोकुने पुढे याच मामाआजोबांच्या मांडीला मांडी लावून केला. शोतोकु गेल्यावर ६४३ साली सोगांनीच त्याच्या मुलाच्या घरावर चाल केली आणि त्या घरात दिवा लावायला कुणी उरलं नाही.

इतिहास वाचल्यावर माझ्यातला सेक्रेटरी जागा झाला. ‘येथे गाडी लावू नये’ हा बोर्ड आपण कुठे लावतो? जिथे रोज गाड्या लागतात तिथे. ज्या जिन्यात कुणी थुंकत नाही त्या जिन्यात थुंकू नका असं कुणी लिहीत नाही. शोतोकु हा माझ्या मते जपानचा पहिला सोसायटी सेक्रेटरी.

बाकीची कलमंही वाचण्यासारखी आहेत. दहावं म्हणतं, दुसऱ्याचं मत वेगळं पडलं तर संतापू नका, तुम्ही काही फार शहाणे नाही आणि तो काही अगदीच मूर्ख नाही. सतरावं म्हणतं, मोठे निर्णय एकट्याने घेऊ नका, चारचौघांशी बोला. आणि आठवं म्हणतं, अधिकाऱ्यांनी सकाळी लवकर दरबारात यावं आणि उशिरा घरी जावं. हे आठवं कलम मी लेकीला रात्री पावणेदहाला वाचून दाखवलं, कारण ती तेव्हाच ऑफिसातून आली होती. साहेब उठेपर्यंत उठायचं नाही. उठलंच तर ‘तुमच्याआधी निघाल्याबद्दल माफी’ अशा अर्थाचं वाक्य साऱ्या खोलीला म्हणून मग उठायचं. ‘‘चौदाशे वर्षांत एक कलम तरी नीट अमलात आलं म्हणायचं,’’ मी म्हटलं. तिने बूट काढले आणि उत्तर दिलं नाही. ते मला समजलं. मी शिकत होतो.

शोतोकुबद्दल अशीही आख्यायिका आहे की, दहा माणसं एकाच वेळी बोलत असली तरी तो सगळ्यांचं ऐकायचा आणि सगळ्यांना उत्तर द्यायचा. हा माणूस आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मिळायला हवा होता. १९५८ साली दहा हजार येनची नोट निघाली तेव्हा तिच्यावर त्याचाच चेहरा होता, १९८४ साली नवी नोट आली तेव्हा तो गेला. मुद्दा असा की जपानने सलोख्याला सगळ्यांत मोठ्या नोटेवर बसवलं होतं. ती नोट मोडायलाही माणूस कचरत असणार.

नुसत्या उपदेशाने भागत नाही हे जपानलाही ठाऊक होतं. १५२६ साली इमागावा नावाच्या सरदारघराण्याने कायदा केला की मारामारी झाली तर कोण बरोबर, कोण चूक हे बघायचं नाही. दोघांनाही शिक्षा, आणि ती देहान्ताची. हे वाचताना मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमची आई हाच कायदा चालवायची. ‘आधी कुणी मारलं’ याची चौकशी नाही, दोघा भावंडांना एकेक धपाटा आणि दोघांनाही उन्हात गहू निवडायला. मी निर्दोष होतो हे १९६४ सालापासून सांगतो आहे. अपिलाची सोय दोन्हीकडे नव्हती.

लेकीला हा ‘वा’ कळायला तीन वर्षं लागली. ऑफिसातल्या पहिल्याच मोठ्या मीटिंगमध्ये तिने हात वर करून प्रश्न विचारला, ‘‘पण हे असं का करायचं?’’ खोलीतले चौदा लोक टेबलाच्या लाकडाकडे बघायला लागले. निर्णय आठवडाभर आधीच होऊन गेला होता. प्रत्येकाला बाजूला गाठून, त्याचं म्हणणं ऐकून, थोडं इकडे थोडं तिकडे करून. मीटिंग फक्त साजरी करायची होती. या आधीच्या खटपटीला तिथे ‘नेमावाशी’ म्हणतात. शब्द मूळचा माळीकामातला. मोठं झाड हलवायचं असेल तर आधी भोवतीने खणून मुळं छाटायची, बारीक नवी मुळं फुटू द्यायची आणि मग झाड उचलायचं. म्हणजे ते नव्या जागी मरत नाही.

मी उठून बसलो. ‘‘अगं, याला आपण फिल्डिंग लावणं म्हणतो!’’

नव्या टाकीचा ठराव पास व्हावा म्हणून मी आठ घरी चहा प्यायलो होतो, एके ठिकाणी तर बिनसाखरेचा. ती नेमावाशीच होती. मला फक्त झाडाची उपमा सुचली नव्हती. फरक असा की, आपण फिल्डिंग चोरून लावतो आणि तरी ऐन सभेत एक कॅच सुटतोच. तळमजल्यावरचे काका ‘माझा विरोध नाही, फक्त एक शंका आहे’ असं म्हणत उभे राहतात आणि टाकी पुढच्या वर्षावर जाते.

नेमावाशी झाली की कागद निघतो आणि खालून वर चढत जातो. त्यावर सगळ्यांचे शिक्के. काही कचेऱ्यांत म्हणे कनिष्ठाने आपला शिक्का डावीकडे किंचित कलता मारायचा, म्हणजे तो साहेबाच्या शिक्क्यापुढे वाकल्यासारखा दिसतो. मी आयुष्य सरकारी खात्यात काढलं. आमच्या सह्यांनाही कल असायचा, पण तो कागदापासून लांब, दाराच्या दिशेने. एवढ्या शिक्क्यांनंतर काम बिघडलं तर जबाबदार कोण, हे मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, कुणीच नाही. ही पद्धत आमच्याकडून तिकडे गेली की तिकडून आमच्याकडे आली, याचा शोध घ्यायला हवा.

‘नाही’ हा शब्द जपानीत आहे, पण तो लग्नातल्या चांदीच्या ताटासारखा कपाटात असतो. रोजच्या वापराला दुसरी भांडी. ‘चोत्तो...’ म्हणजे ‘जरा...’ असं म्हणून वाक्य अर्ध्यात सोडायचं आणि मान तिरकी करून दातांतून हवा आत ओढायची: नाही. ‘कठीण आहे’: नाही. ‘विचार करून बघतो’: अजिबात नाही. हे शिकवताना लेकीला फार सायास पडले नाहीत. ‘बघतो’, ‘बघू’, ‘बघायला पाहिजे’ आणि ‘बघतो ना, सांगतो’ या चारांतला फरक ज्याने टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून अनुभवला आहे त्याला ‘चोत्तो’ काय अवघड? अवघड गेलं ते ‘हाय’. आपण समजतो की ‘हाय’ म्हणजे हो. समोरचा दर दोन वाक्यांना ‘हाय, हाय’ म्हणत होता म्हणून मी त्याला अर्धा तास सोसायटीच्या पुनर्विकासाची हकिगत सांगितली. तो फक्त ऐकतो आहे एवढंच कळवत होता. पोवाड्यात मागून ‘जी जी’ येतं, त्यातलाच प्रकार.

असं न बोललेलं ओळखण्याला तिथे ‘हवा वाचणं’ म्हणतात. ज्याला हवा वाचता येत नाही त्याच्यासाठी ‘के-वाय’ अशी आद्याक्षरांची शिवीसुद्धा आहे. २००७च्या सुमारास ती फार बोकाळली होती. मी तोझाई लाइनच्या डब्यात बसून हवा वाचायचा प्रयत्न केला. टोकियोतल्या सगळ्यांत दाटीच्या गाड्यांपैकी ही एक. सकाळी डोंबिवली फास्टची आठवण यावी अशी गर्दी, पण आवाज नाही. इतकी माणसं इतकी जवळ आणि इतकी गप्प, मला तर कुणीतरी गेलंय की काय असं वाटलं. आपल्या गर्दीत टाळ निघतात, भजन होतं, वाढदिवसाचा केक कापला जातो, चौथ्या सीटवरून तंटा होतो आणि मुलुंडपर्यंत मिटतोही. तिथे माझा मोबाइल आरतीच्या सुरात वाजला तेव्हा सबंध डब्याने माझ्याकडे न बघण्याची जी पराकाष्ठा केली, तितकं कुणी माझ्याकडे आजवर बघितलेलं नाही.

२०१७च्या नोव्हेंबरात त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी वेळेच्या २० सेकंद आधी सुटली आणि कंपनीने जाहीर माफी मागितली. कुणीही तक्रार केली नव्हती. ही बातमी मी डोंबिवलीच्या मित्रांना कळवली. त्यावर एकाचं एवढंच उत्तर आलं, ‘‘आधी म्हणजे आदल्या दिवशीची का?’’

एक गोष्ट मात्र मला मनापासून पटली. बायकांच्या स्वच्छतागृहात आपला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिथल्या भिडस्त बायका सतत पाणी सोडत बसायच्या. पाणी वाया जातं म्हणून टोटो कंपनीने १९८८ साली ‘ओतोहिमे’ नावाचं यंत्र काढलं. बटण दाबलं की नुसता पाणी वाहिल्याचा आवाज येतो. संकोचावर यंत्र काढणारा समाज थोरच म्हटला पाहिजे. असं काही आमच्या वरच्या मजल्यावरच्या मिक्सरसाठी निघालं तर सोसायटी वर्गणी काढेल.

पण ‘वा’ची खरी परीक्षा कचऱ्यात. शिकोकू बेटावर कामिकात्सु नावाचं गाव आहे, तिथे कचऱ्याचे चाळीसहून जास्त प्रकार करतात. निशी-कासाईत इतके नव्हते, पण माझ्यासारख्याला पुरेसे होते. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, प्लास्टिकच्या बाटलीचं टोपण काढायचं, वरचा कागद सोलायचा, बाटली विसळायची, चेपायची, ठरल्या दिवशी सकाळी ठेवायची, वर कावळ्यांसाठी जाळी ओढायची. आमच्या हिने दुसऱ्याच आठवड्यात नारळ फोडला. करवंटी कुठल्या पिशवीत? ती जळते, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, बंबात आपण तीच घालत आलो. पण जावयांच्या मते ती ‘कठीण वस्तू’ होती, लेकीच्या मते ‘स्वयंपाकघरातला ओला कचरा’, आणि आमच्या हिच्या मते चांगली करवंटी टाकणं हाच मुळात आचरटपणा. वॉर्डाच्या पुस्तिकेत वाद्यं, छत्र्या, गाद्या सगळं होतं, करवंटी नव्हती. चुकीची पिशवी ठेवली तर तिच्यावर चिठ्ठी चिकटवून ती तिथेच सोडतात, आणि सगळी इमारत तिच्या शेजारून न बघता जाते. तो अनुभव एकदा घेतला होता. शेवटी ती करवंटी बॅगेतून डोंबिवलीला परत आली.

सूचना फिरवायची पद्धतही बघण्यासारखी. ‘काइरानबान’ म्हणजे एक पाटी, तिला कागद लावलेला; एका घरातून दुसऱ्या घरात जाते. आपण वाचायचं, नावापुढे शिक्का मारायचा आणि शेजारी नेऊन द्यायची. मी ती उलटीपालटी करून बघितली. उत्तर लिहायला जागा कुठेही नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा प्रश्न एका क्षणात सुटला, पण तोडगा कळवू कुणाला? कळवला असता तर त्यावर दोनशे उत्तरं आली असती.

हे सगळं हसण्यावारी नेलं तरी एक गोष्ट हसण्यासारखी नाही. जुन्या जपानी खेड्यात मेळ मोडणाऱ्या घराशी गाव व्यवहार तोडायचं. त्याला ‘मुराहाचिबु’ म्हणतात. सांगतात ते असं की, गावातले दहा व्यवहार, त्यांतले आठ बंद. आग लागली तर आणि मयत झालं तर तेवढं यायचं. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात, आणि आपण तर मयतालाही गेलो नाही अशी उदाहरणं आहेत. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. सलोख्याच्या गादीखाली काय काय दडपलेलं असतं हे दोन्ही देशांना माहीत आहे. रात्री पावणेदहाला बूट काढणाऱ्या लेकीलाही माहीत आहे.

असो. आजींची माफी मागायची होती. जावई भेटीचा खोका घेऊन आले. तो देताना ‘काही विशेष नाही, क्षुल्लक आहे’ अशा अर्थाचं वाक्य म्हणायचं, हे मला घोकून घ्यावं लागलं नाही. ‘काही नाही हो, घरचंच आहे’ हे मी जन्मभर म्हणत आलोय. आम्ही सगळे वाकलो. आजी वाकल्या. उड्यांबद्दल माफी मागितली तर आजी म्हणाल्या, छे छे, काहीच ऐकू येत नाही. आम्ही त्याच दिवशी घरभर फोमच्या चटया अंथरल्या.

इथवर सगळं जपानी पद्धतीने चाललं होतं. मग आमची ही म्हणाली, ‘‘त्यांना चहाला बोलवा.’’

लेक म्हणाली, ‘‘आई, इथे असं एकदम बोलवत नाहीत.’’

‘‘मग कसं बोलवतात?’’

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, म्हणून आजी रविवारी चार वाजता आल्या. हिने कांदाभजी केली होती. आजी नाजूकपणे एकेक उचलत होत्या, आम्हीही आजींकडे बघून नाजूकपणे. शेवटी बशीत एक भजं उरलं. तिथे या शेवटच्या तुकड्याला नाव आहे. क्योतो-ओसाकाकडे त्याला ‘एन्र्यो नो कातामारी’ म्हणतात, संकोचाचा गोळा. तो कुणी उचलत नाही. आजी चहाकडे बघत होत्या, जावई खिडकीकडे, लेक आजींकडे. मी भज्याकडे बघत होतो, पण हवा वाचून गप्प होतो. डोंबिवलीत शेवटच्या भज्याचं आयुष्य चार सेकंद. इथे ते निवत चाललं होतं आणि आमच्या सगळ्यांच्या मधे डोंगराएवढं मोठं होत होतं.

ही आतून आली. तिने पाहिलं आणि मराठीत म्हणाली, ‘‘घ्या हो, लाजता काय!’’ आणि भजं उचलून थेट आजींच्या बशीत ठेवलं. लेकीने डोळे मिटले.

‘‘केक्को देसु,’’ आजी म्हणाल्या.

‘‘काय म्हणतायत?’’

‘‘पुरे म्हणतायत,’’ लेक म्हणाली. आणि शब्दाला जागण्याची सवय म्हणून तिने पुढे सांगितलं, ‘‘म्हणजे त्याचा अर्थ ‘छान आहे’ असाही होतो.’’

‘‘छान म्हणतायत ना? मग आणखी एक घाणा काढते.’’ आणि ती गेलीसुद्धा. पाच मिनिटांत बशी पुन्हा भरली. शेवटचं भजं आता शेवटचं राहिलंच नव्हतं. संकोचाच्या गोळ्यावर असा इलाज कुणाला सुचला नसावा. आजींनी आणखी सहा खाल्ली आणि जाताना एकदाच वाकल्या.

दुसऱ्या दिवशी भेटीची परतफेड आली, तांदळाच्या कुरकुरीत सेनबेईचा डबा. तिथे रिवाज असा की, मिळालेल्या भेटीच्या साधारण अर्ध्या किमतीची वस्तू परत द्यायची. या हिशेबाने देणंघेणं अर्धं, पाव, दोन आणे असं उतरत आपोआप निवलं असतं. पण शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हा आमच्या हिचा कायदा. त्यात अर्धं वगैरे काही नाही, काठोकाठ भरायचा आणि झाकणाला दोरा बांधायचा. चिवडा खाली गेला, मोचीचे गोळे वर आले. चकल्या खाली गेल्या, लोणच्याचा मुळा वर आला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. दाराशी उभ्या राहून त्या अर्धा अर्धा तास बोलायच्या, एक मराठीत, एक जपानीत, आणि आमच्या दुभाषी नातीसकट कुणालाही बोलवायच्या नाहीत.

नव्वद दिवस संपले. निघायच्या सकाळी आजी खाली दारापाशी उभ्या होत्या. वाकणं झालं. नातीच्या डोक्यावरून हात फिरवून माझ्याकडे बघत त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘शिझुका नि नारिमासु ने.’’

‘‘काय म्हणाल्या?’’ मी बसमध्ये लेकीला विचारलं. ती विमानतळावर सोडायला आली होती.

‘‘आता शांत होईल, नाही का, असं म्हणाल्या.’’

‘‘म्हणजे बरं झालं, सुटलो एकदाचे? की करमणार नाही असं?’’

लेक विचार करायला लागली. हसल्या कशा, ‘ने’ किती लांबवला, मान कुठल्या बाजूला होती, सगळं तिने मला विचारलं. मी जमेल तेवढं करून दाखवलं. दोन पूल गेले, एक टोलनाका गेला. ‘‘क्योतोच्या आहेत,’’ ती शेवटी म्हणाली, ‘‘काही सांगता येत नाही.’’

पुढच्या सीटवरून आमची ही मागे न बघता म्हणाली, ‘‘त्यांचा डबा माझ्याकडेच राहिलाय. बॅगेत आहे.’’